पोटाचं काहीतरी

वांद्र्याच्या मोतमाउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत त्या दिवशी असा दमट उकाडा होता की टोपलीतले मेणाचे हात एकमेकांना चिकटले होते. विकणारी बाई ते सोलल्यासारखे वेगळे करून मांडत होती. जे दुखतं किंवा जे हवं असतं, त्याचा मेणाचा आकार माउलीला वाहायचा. हात, पाय, कान, डोळ्यांची जोडी, उतरत्या छपराचं घर, एक विमान. (विमान बहुधा व्हिसासाठी. देवाला सगळं कळतं, तरी नमुना दाखवलेला बरा.) सासूबाई टोपलीवर वाकल्या आणि मला ऐकू जाईल-न जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोटाचं आहे का काही?" बाईने जराही विचार न करता एक मेणाचं बाळ उचलून माझ्या हातात ठेवलं. गुबगुबीत, पाय दुमडलेलं, नाक थोडं चपटलेलं. "होणार बघा पुढच्या जत्रेपर्यंत," ती माझ्याकडे बघून म्हणाली. सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "मुलगा आहे हो तिला, अकरा वर्षांचा." "मग पोटाला काय झालंय?" बाईचा प्रश्न अगदी सरळ होता, डॉक्टरने विचारावा तसा. मागे माणसं ढकलत होती, बाजूला कुणीतरी भाजलेल्या चण्यांची पुडी फोडली होती, आणि आम्ही दोघी गप्प. मी बाळाच्या नाकाकडे बघत राहिले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पोटाचं काहीतरी आहे." मग स्वतःच वैतागून, "असं करा, आख्खी बाईच द्या. आत काय बिघडलंय ते माउलीला कळेल."

आख्खी बाई वीतभर उंचीची होती. पायऱ्या चढून वर जाईपर्यंत माझ्या तळहाताच्या उबेने ती कमरेत जराशी वाकली. पोटात कळ आली की मी जशी वाकते, साधारण तशीच.

मी प्रोटेस्टंट घरातली. वडिलांचं गाव नगर जिल्ह्यात, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. आमच्याकडे मेणबत्ती लाइट गेली की लावतात. देवाकडे मागायचं ते डोळे मिटून, शब्दांत, आणि आजोबांच्या समोर असलात तर व्याकरण सांभाळून. लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात आले तेव्हा मला सासूबाईंचं सगळं फार सामानाचं वाटायचं. तेल, पाणी, मेण, रोझरीची माळ, उशीखाली संतांची चित्रं. त्यांना माझं उघडंबोडकं वाटत असणार. नवरा दोन्हीकडच्या उपासनांना येतो आणि दोन्हीकडे सारखाच पेंगतो. पण त्या टोपलीपाशी गंमत अशी झाली की जिच्या घरात सगळ्याला मेणाचा आकार मिळतो, तिला माझ्या दुखण्याचा आकार मिळेना, आणि जिच्या घरात सगळं शब्दांनी मागतात, त्या मला तीन अक्षरांचा शब्द तोंडाबाहेर काढता आला नाही.

आतडं. मोठं आतडं.

चौदा वर्षं हा आजार माझ्याकडे आहे. २०११ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा कमोडमध्ये रक्त दिसलं. फॅमिली डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी अमीबा म्हणून मेट्रोनिडाझोलचा कोर्स दिला, तेव्हा आठवडाभर तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव होती. शेजारच्या काकूंनी बेलफळाचा मुरंबा आणून दिला. ऑफिसातल्या एकीने इसबगोल सुचवला, दुसरीने तोच बंद करायला सांगितला. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागत होतं, आणि जाऊन आल्यावरही झालं असं वाटायचं नाही. कुणी तरी आतून कडी वाजवत राहिल्यासारखं. नऊ किलो वजन उतरल्यावर कोलोनोस्कोपी झाली. त्याच्या आदल्या रात्री लिंबाच्या वासाचं खारट पाणी लिटरच्या हिशेबाने प्यावं लागतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपास-प्रार्थनेवर पुष्कळ बोललं जातं, पण आतून इतकी धुऊन निघाल्यासारखी मी कुठल्याच उपासाला झाले नाही. नंतर डॉक्टरांनी फोटो दाखवले. निरोगी आतड्याच्या भिंतीवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसते, पिंपळाचं पान उन्हात धरल्यावर दिसते तशी. माझ्या फोटोत ती जाळी पुसून गेली होती. नुसता लाल, सुजलेला, जागोजागी सोललेला भाग. अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची पहारेकरी व्यवस्था स्वतःच्याच घरावर हात उचलते. हा आजार शेवटच्या टोकाला सुरू होतो आणि सलग वर चढत जातो. माझा डाव्या बाजूच्या वळणापर्यंत गेला होता. "औषधांनी शांत राहील," डॉक्टर म्हणाले, "पण मुळापासून जाईल असं नाही सांगता येणार." त्याच दमात त्यांनी रिसेप्शनवर बिल भरायला सांगितलं.

पहिल्या वेळी स्टेरॉइड दिले. रोज ४० मिलिग्रॅमपासून, मग आठवड्याला पाच-पाच कमी करत. रक्त थांबलं, भूक मात्र अशी सुटली की पहाटे तीनला मी स्वयंपाकघरात उभी राहून गार भात खात असे. तोंड पौर्णिमेच्या चंद्रासारखं वाटोळं झालं. त्याच दिवसांत चुलतबहिणीचं लग्न होतं. हॉलमध्ये जो तो म्हणाला, "तब्येत सुधारली हो मुंबईला!" मी थँक्यू म्हणत होते. दुसरं काय म्हणणार?

या शहरात हा आजार घेऊन राहायचं म्हणजे शहराचा नकाशा नव्याने काढावा लागतो. इतरांच्या नकाशात स्टेशनं असतात, माझ्यात स्वच्छतागृहं. कुठलं उघडं असतं, कुठल्याला कुलूप आणि किल्ली कुणाकडे, कुठे कडी लागत नाही, कुठल्या मोठ्या हॉटेलचा दरवान चेहऱ्यावर आत्मविश्वास असला तर अडवत नाही. बायकांना शहरात साधी लघवीला जागा मिळावी म्हणून इथे 'राइट टू पी'ची मोहीम चालवावी लागली. माझी गरज तर त्याहून मोठी आणि त्याहून न सांगण्याजोगी. मी बोरिवलीहून चर्चगेटला जाते. फास्ट गाडी मी कधीच सोडली. बोरिवली सुटली की ती थेट अंधेरीला थांबते, आणि मधल्या त्या पट्ट्यात मालाड-गोरेगाव खिडकीतून नुसते निघून जाताना बघणं काय असतं ते मला विचारा. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "एवढी काय गं स्लोची आवड?" मी म्हणायचे, बसायला मिळतं. पर्समध्ये एक चेनचा कप्पा आहे. त्यात घडी घातलेली जास्तीची सलवार, ओले टिश्यू, प्लास्टिकची पिशवी, आणि तळाशी बायबलचा खिशात मावणारा नवा करार, ज्याला आता टिश्यूच्या लव्हेंडरचा वास लागला आहे. लहानपणी शिकलेली प्रभूची प्रार्थना मी त्या गाडीत हजारो वेळा म्हणायला घेतली असेल, पण 'तुझे राज्य येवो'च्या पुढे जाऊ शकले नाही अशा सकाळी पुष्कळ आल्या. राज्य राहू दे. अंधेरी येवो.

दोनदा आली नाही. त्याबद्दल एवढंच लिहिते.

मार्कच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात एक बाई आहे. बारा वर्षं रक्तस्राव होणारी. आमच्या संडेस्कूलमध्ये ही गोष्ट भराभर उरकली जायची, कारण शिकवणाऱ्या बाईंना तो स्राव कसला ते सांगायचं नसायचं. आजारी पडल्यावर मी ती नीट वाचली. तिने पुष्कळ वैद्य केले, होतं ते सगळं घालवलं, आणि बरं वाटायचं सोडून आणखी बिघडलं, असं मार्क सरळ लिहितो. लूकला परंपरा वैद्य मानते. तो हेच सांगताना व्यवसायबंधूंना जरा सांभाळून घेतो, 'आणखी बिघडलं' हे गाळतो. इन्शुरन्सचे कागद भरताना मला त्या बाईची फार आठवण येते. तेव्हाच्या नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध. ती बसेल ती जागा अशुद्ध, तिला शिवेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. अशी बाई गर्दीत शिरते. तिला वाटतं, मागून जाऊन नुसतं येशूच्या वस्त्राला शिवावं आणि कुणाला न कळता निघून यावं. आणि तसं होतंही. रक्त थांबतं. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तो थांबून विचारतो, मला कोण शिवलं? शिष्य जवळजवळ वैतागतात. एवढे लोक तुला चेपतायत आणि तू विचारतोस कोण शिवलं! संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर कुणी हा प्रश्न विचारला तर लोक काय म्हणतील, तेच. शिवाय तो निघालेला असतो याईर नावाच्या माणसाच्या मरायला टेकलेल्या मुलीकडे. बाप बाजूला जीव मुठीत धरून उभा. तरी तो थांबून राहतो. मग ती बाई थरथरत पुढे येते आणि सगळं खरंखरं सांगते.

हे 'सगळं खरंखरं' मला कित्येक वर्षं क्रूर वाटत आलं. बरी झाली होती ना? मग जाऊ द्यायचं की तिला गुपचूप. चारचौघांत, पुरुषांच्या गर्दीत, कशाला वदवून घ्यायचं? मी तिच्या जागी असते तर म्हणाले असते, पोटाचं काहीतरी होतं.

आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. चहा, बिस्किटं, दोन गीतं, एक वचन, मग साक्ष. साक्ष म्हणजे देवाने काय केलं ते सांगणं, आणि तिला एक ठरलेली वाट असते: आजार होता, प्रार्थना केली, रिपोर्ट नॉर्मल आला, हालेलुया. माझ्या आजाराला त्या वाटेवर चालताच येत नाही. आठ महिने शांत, मग एका सोमवारी पुन्हा रक्त. माझी साक्ष कुठल्या दिवशी द्यायची? एका वर्षी बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. ते म्हणाले की विश्वास आणि गोळ्या एका पर्समध्ये राहत नाहीत. मी हसून सोडून दिलं असं मला वाटलं होतं. गोळ्या मी टाकल्या नाहीत, बंद करायचं ठरवलंही नाही. फक्त विसरू लागले. सकाळची राहिली, संध्याकाळची राहिली, बरं तर वाटतंय. सहा आठवड्यांनी मी सलाइनवर होते. तेव्हा आमचे पाळक भेटायला आले. साठीचे, मधुमेही, खिशात साखरेच्या गोळ्या बाळगणारे. त्यांनी उपदेश केला नाही. बेडजवळच्या टेबलावरची औषधाची पट्टी उचलून तिच्यावरची तारीख बघितली, परत ठेवली, आणि "मी इन्सुलिन टोचण्याआधी प्रार्थना करतो, तूही करून बघ," म्हणाले. एवढं म्हणून ते कँटीनचा चहा किती वाईट आहे यावर बोलत बसले.

त्या माणसाने माझ्यासाठी काय केलं हे त्यांना बहुधा ठाऊक नाही.

आता रात्रीच्या औषधाबद्दल सांगायला हवं, कारण माझी खरी प्रार्थना तिथेच होते. मेसालामाइनच्या गोळ्या तोंडाने घ्यायच्याच असतात. त्यांच्यावर एक लेप असतो, जो पोटात विरघळत नाही, खाली आतड्यात पोचल्यावर विरघळतो, म्हणजे औषध वाटेत सांडत नाही. पण शेवटच्या भागासाठी आजार उठला की एनिमाही घ्यावा लागतो. लहान प्लास्टिकची बाटली, लांब नळी. झोपताना डाव्या कुशीवर व्हायचं, उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा, औषध हळूहळू सोडायचं आणि निदान अर्धा तास तसंच पडून राहायचं, जमलं तर रात्रभर धरून ठेवायचं. डावी कूस, कारण मोठ्या आतड्याचा खालचा भाग तिकडून उतरतो. औषधाला उताराची वाट मिळते. आजोबा गुडघे टेकून प्रार्थना करायचे, त्यांच्या गुडघ्यांवर घट्टे होते. माझी प्रार्थना डाव्या कुशीवर होते. समोर कपाटाचा आरसा, त्यावर मुलाने चिकटवलेला क्रिकेटवाला. पंखा टक-टक करतो. अशा वेळी जे शब्द येतात ते मंडळीत उभं राहून म्हणण्यासारखे नसतात. पुष्कळदा ती भांडणंच असतात. तू माणूस झालास म्हणतात, मग तुलाही आतडी होती ना? हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा मी घाबरले, असं मनात आणावं की नाही. आता तो मला आवडतो. क्रूसावरच्या जखमांवर इतकी गीतं लिहिली गेली, पण गालीलच्या रस्त्यावर त्याचं पोट कधी बिघडलं असेल, तो झाडामागे गेला असेल, शिष्य पुढे जाऊन थांबले असतील, हे कुणी गात नाही. मला मात्र त्या झाडामागे तो सापडतो. उपासनेत शेवटच्या बाकावर, दाराजवळ, पर्स मांडीवर घेऊन बसते तेव्हा प्रत्येक वेळी सापडतोच असं नाही.

दुसरीही बाजू आहे, ती लपवत नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू होत्या त्या दोन वर्षांत प्रभुभोजनाच्या विधीत सगळे ओठ लावतात त्या द्राक्षारसाच्या सामाईक प्याल्यापाशी आले की मला ख्रिस्त कमी आणि जंतू जास्त दिसायचे. मी ओठ टेकल्यासारखं करून पुढे जायचे. कुणी पाहिलं असेल तर काय वाटलं असेल? नाताळात वसईच्या घरी इंद्याल शिजत असतो, अख्ख्या गल्लीत व्हिनेगर आणि मिरचीचा वास, आणि माझ्या ताटात मऊ भात, उकडलेला बटाटा, वर मीठ. अशा वेळी कृपा वगैरे शब्द मला अजिबात सुचत नाहीत. मला इंद्याल हवा असतो. आठ वर्षं उलटल्यावर डॉक्टर ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करायला लावतात, कारण सुजत राहिलेल्या आतड्यात कॅन्सरची शक्यता वाढते. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत माझा विश्वास किती असतो ते मोजायचं यंत्र निघालं तर मी त्याच्यासमोर उभी राहणार नाही.

जत्रेहून परत येताना सासूबाई टॅक्सीत गप्प होत्या. मला वाटलं थकल्या असतील. चर्चमध्ये ती वाकलेली बाई त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवली होती. मी प्रोटेस्टंट हात मागे बांधून उभी होते. ठेवताना त्यांनी तिला कमरेत जरा सरळ करायचा प्रयत्न केला होता, मेणात त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. तेव्हापासून मला तो ठसा आठवत राहिला, आणि त्या विक्रेतीचा तो सरळ प्रश्न. पोटाला काय झालंय? एवढंच तर विचारलं होतं तिने. तिला उत्तर मिळालं असतं तर कदाचित तिने टोपलीत हात घालून म्हटलं असतं, "आतडं नाही ताई, पुढच्या वेळी करून ठेवते." मेणाचं मोठं आतडं. कसं दिसलं असतं ते? जाड जिलेबीसारखं.

परवा रात्री साडेदहाला सासूबाईंचा फोन आला. मी नुकतंच औषध घेऊन डाव्या कुशीवर झाले होते. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या वेळी आजाऱ्यांची नावं वाचतात, त्यासाठी चिठ्ठी द्यायची होती.

"तुझ्या त्या आजाराचं नाव नीट सांग गं. मागच्या खेपेला मी नुसतं 'सुनेच्या तब्येतीसाठी' लिहिलं, तर बाहेर सगळ्या विचारायला लागल्या, गोड बातमी आहे का म्हणून."

"अल्सरेटिव्ह कोलायटिस."

"अल्सर..." मग पेन खरडल्याचा आवाज. "पुढे?"

मी अक्षरं सुटी करून सांगितली. त्यांनी वाचून दाखवलं ते भलतंच काहीतरी होतं. पुन्हा सांगितलं.

"वाचणाऱ्या पोराला हे जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "जीभ अडकेल त्याची. मराठीत काय लिहू?"

पंखा टक-टक करत होता. नवरा बाहेर क्रिकेट बघत होता.

"मोठ्या आतड्याची सूज," मी म्हणाले. "आणि रक्त जातं."

"रक्त जातं तेपण लिहू? सगळ्यांसमोर वाचतील हां."

"लिहा, आई."

त्या लिहीत होत्या. दर शब्दाला थांबत, पुटपुटत, मोठ्या, आतड्याची. मी फोन कानाला धरून तशीच पडून राहिले. कूस बदलायला अजून वीस मिनिटं होती.